मुचंडी आणि सहा टेपा

नवी टेप खोक्यातून निघाली की मुचंडी आधी तिच्या वेष्टनावरचा मोठा आकडा काळ्या जाड पेनानं खोडायचा. मग टेप माझ्या हातात द्यायचा. देताना हात पुरता लांब करायचा, माझं बोट त्याच्या बोटाला लागू नये म्हणून. सहा वर्षं मी त्याच्या हाताखाली काढली, सहा वर्षं त्यानं टेप अशीच दिली. सोवळंओवळं काही नव्हतं त्यात. माझ्या बोटांना पानाचा चुना असतो असं त्याचं म्हणणं. ते खरं होतं, म्हणूनच मला जास्त राग यायचा.

माणूस गेला की त्याच्याविषयी बरं लिहावं अशी रीत आहे. मला ती जमणार नाही. तो मला आवडला नाही आणि मी त्याला आवडलो नाही. पण त्याच्याविषयी लिहिणारं दुसरं कोणी उरलंय असं वाटत नाही, म्हणून मी लिहितो. मी गोव्यातला, पेडण्याकडचा, पार्से गावचा. शाळा चौथीपर्यंत, तीसुद्धा पुरती नाही. चुकलं-माकलं तर वाचणाऱ्यानं सुधारून घ्यावं, मला सांगायला येऊ नये.

आधी मी आमोण्याला धक्क्यावर होतो. खाणीची माती तिथं बार्जमध्ये, म्हणजे सपाट बोटीत, भरतात आणि मांडवीतून खाली नेतात. बार्जच्या अंगावर पांढऱ्या रंगात आकडे काढलेले असतात. पाणी कुठल्या आकड्याला लागलं ते बघून बार्जमध्ये किती माती पडली ते सांगायचं, हे माझं काम. शिकलेले सुपरवायजर कागद-पेन्सिल घेऊन बसायचे, मी नुसता डोळा लावून सांगायचो, आणि माझंच बरोबर निघायचं. बार्जवाले मला मान द्यायचे. मग एका पावसाळ्यात माती वाहणाऱ्या पट्ट्यात पाय सापडला. कंपनीनं बसून करायचं काम म्हणून डिचोलीच्या ऑफिसात काँप्युटरच्या खोलीत पाठवलं. गोवा राज्य होऊन तेव्हा सात-आठ वर्षं झाली असतील. त्या खोलीत मुचंडी होता.

मुचंडी बेळगावचा. उंच, सुकलेला, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेला. पहिल्याच दिवशी त्यानं माझ्या चपला बाहेर काढायला लावल्या, पान थुंकायला लावलं आणि विचारलं, "वाचता येतंय काय?" मी म्हटलं, आकडे येतात, मराठीही येतं. तो म्हणाला, "मराठी म्हंजे ते तुमचं नाकातलं?" मी पार्श्याचा माणूस. आमच्याकडे मराठीसाठी माणसं रस्त्यावर बसली होती, मीही बसलो होतो. आणि हा घाटी मला विचारतो. त्याच्या गावातही त्याच भाषेसाठी माणसं भांडतात हे मला ठाऊक होतं. तेच मी बोललो. त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि फडकं हातात दिलं. म्हणाला, "मशीन पूस. वल्लं फडकं लावू नको."

खोलीत काय होतं ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मधे काँप्युटर, कपाटाएवढा. त्याच्या बाजूला टेपचा ड्राइव्ह, आमच्या घरातल्या पेटीएवढा, पुढे दिवे आणि दोन-तीन बटणं. काँप्युटरमध्ये खाणीचं सगळं असायचं. ते बिघडलं तर बुडालं. म्हणून रोज त्याची नक्कल टेपेवर घ्यायची आणि टेप कपाटात ठेवायची. टेप म्हणजे पानाच्या डब्याएवढी चौकोनी पेटी, आत पट्टी गुंडाळलेली. मी ती ड्राइव्हमध्ये सारायची, दिवा लागेपर्यंत थांबायचं, झाल्यावर काढायची, वर चिठ्ठी लावायची. काम सोपं. अवघड होता तो मुचंडी.

वेष्टनावर दोन आकडे छापलेले असत. एक लहान, एक त्याच्या दुप्पट. दुप्पट आकडा ठळक आणि लाल. मुचंडी लालच खोडायचा. मी एकदा विचारलं कशाला खोडता. तो म्हणाला, "मोठा आकडा दुकानदाराचा. ल्हान आकडा आपला." हे त्याचं आवडतं बोलणं. दिवसातून दोनदा तरी ऐकवायचा, ऑफिसात कोणी काही बढाई मारली तरी हेच.

त्याचा अर्थ त्यानं एकदाच समजावला, तोही मी मूर्ख आहे असं गृहीत धरून. ड्राइव्ह टेपेवर लिहिताना मजकूर दाबून लिहितो. हजेरीपट, नावं, तारखा, रिकाम्या जागा, ह्यांत तेच तेच फार येतं, म्हणून ते दाबलं जातं आणि टेपेवर लहान आकड्याच्या दुप्पट मावतं. पण मावेलच असं वचन नाही. "पोत्यात गवत घाल, पाय देऊन दुप्पट बसीव. तांदूळ बसतोय काय दुप्पट? दुकानदार सगळ्यास्नी गवत धरून आकडा लिवतोय. मी तांदूळ धरून चालालोय." मी मान हलवली. मनात म्हटलं, बेळगावच्या माणसानं पार्श्याच्या माणसाला तांदूळ शिकवायचा.

पण कान चांगला होता त्याचा, हे कबूल केलं पाहिजे. काँप्युटरकडून मजकूर हळू आला की टेप थांबते, मागे जाते, परत पुढे येते. खर्र, खट्, खर्र. मुचंडी पलीकडच्या खोलीत असला तरी तिथून म्हणायचा, "भुकेली हाय ती. बग कोण अडवालंय." मी बघावं तर खरंच कोणीतरी दुसरं काम सुरू केलेलं असायचं. तो म्हणायचा टेपेला चालू द्यावं, एकसारखं. मधे मधे थांबवलं की झिजते. हे तो माणसांविषयी कधी बोलला नाही. माणूस झिजला तर त्याला चालत असे.

दसऱ्याला मी ड्राइव्हला झेंडूची माळ घातली, गंध लावलं, वर चिमूटभर अक्षता टाकल्या. खाणीवर आम्ही सगळी यंत्रं पुजतो, ट्रक पुजतो, पट्टा पुजतो, कोणी कधी नाही म्हटलं नव्हतं. मुचंडी आला आणि दोन बोटांनी माळ उचलून माझ्या खुर्चीवर ठेवली. मग चिमट्यानं एकेक अक्षता वेचली, मोजत. मी किती टाकल्या होत्या ते मला विचारलं. मला कसं ठाऊक असणार. त्यानं ड्राइव्ह उघडून तपासला, त्यात अर्धा दिवस गेला. शेवटी म्हणाला, "हिला देव करू नको भिवा. देव चूक पोटात घालतोय. ही घालत न्हाय." बाहेर शिपाई लोक हसले. मी त्या दिवसापासून त्याच्याशी कामापुरतं बोललो, आणि त्याला ते फार आवडलं असं दिसलं.

आता माझ्या भावाचं. सदू माझा धाकटा. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता, मी वाढवला. मीच त्याला धक्क्यावर रोजंदारीवर लावला. अकरा पावसाळे झाले तरी तो रोजंदारीवरच होता, त्याच्याबरोबर आणखी चाळीसेक माणसं. कायम करा म्हणून त्यांनी मजूर खात्याकडे अर्ज केला होता. कायम व्हायला एकच गोष्ट दाखवायची होती, की ही माणसं इतकी वर्षं रोज कामावर होती. कागदाचे हजेरीपट धक्क्यावरच्या शेडमध्ये होते, आणि एका साली मांडवी शेडमध्ये शिरली तेव्हा त्यांचा लगदा झाला. उरली ती काँप्युटरमधली हजेरी. सदू घरी आला की एकच विचारायचा, "दादा, माजा नाव आसा मां त्यात?" मी सांगायचो, आसा, मी रोज तुझं नाव टेपेवर चढवतो आणि कपाटात कुलपात ठेवतो. अशी माझी ऐट.

त्याच वर्षी कंपनीनं नवीन काँप्युटर घ्यायचं ठरवलं. जुना काँप्युटर त्याच्या बदल्यात द्यायचा, सोमवारी सकाळी ट्रक येऊन नेणार. जुन्या टेपा नव्या ड्राइव्हला वाचता येणार नव्हत्या, त्याही रद्द. म्हणजे शनिवार-रविवारात जुन्या काँप्युटरला नवा ड्राइव्ह जोडून त्यातलं एकूण एक सगळं नव्या टेपांवर उतरवायचं. त्या आठवड्यात मॅनेजरनं मुचंडीला आणि मला केबिनमध्ये बोलावलं. मॅनेजर गोड माणूस. मला बसायला कदेल, म्हणजे खुर्ची दिली. सहा वर्षांत मुचंडीनं मला खुर्चीवर बस म्हटलं नव्हतं, हे इथं सांगायला हवं.

मुचंडीनं दहा टेपा मागितल्या. कपाटात नवीन टेपा होत्या सहा. मॅनेजर म्हणाला, मागवायला वेळ लागेल, मुंबईहून याव्या लागतात. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "भिवा, रोज टेपा लावतो तो तू. तुझा अनुभव काय सांगतो? सहा पुरतील?"

माझा अनुभव कोणी विचारला नव्हता कधी. मी विचार केला, पण खरं सांगायचं तर मुचंडीकडे बघून विचार केला. रोजच्या नकलेत मी डोळ्यांनी बघितलं होतं, टेप लहान आकड्याला भरत नाही, दुप्पटीला जाऊन टेकते. लाल आकडाच खरा निघायचा. हा माणूस तो उगाच खोडत होता, आम्हाला घाबरवायला. बार्जवर मी आकडा सांगितला तो चुकला नव्हता. मी म्हटलं, "सहा पुरून उरतील. टेप दुप्पट घेते, मी रोज बघतो."

मुचंडी माझ्याकडे न बघता मॅनेजरला म्हणाला, "ह्याला काय इचारालाय साहेब. ह्यानं आजवर गवतच भरलंय."

मॅनेजर हसला. मला जे झालं ते झालं. मी परत म्हटलं, सहा. मॅनेजर म्हणाला, ठरलं मग. आणि त्यानं काय आधी उतरवायचं त्याची यादी मुचंडीला दिली. आधी खाणीचे नकाशे, मग डोंगराचे आणि खड्ड्यांचे फोटो, मग जहाजांची कागदपत्रं, मग ऑफिस. सगळ्यात शेवटी धक्क्याची हजेरी. यादी मीही बघितली. मला त्यात काही दिसलं नाही.

शनिवारी सुरू झालं. पहिली टेप मी सारली आणि मनात वेळ धरला. तिनं मी धरल्याच्या अर्धा वेळसुद्धा घेतला नाही आणि भरल्याचा दिवा लागला. मला वाटलं टेप खराब. दुसरी लावली, तिचंही तसंच. तिसरीला मी कपाळावरचा घाम पुसला, त्या थंड खोलीत.  मुचंडी टेपेवर चिठ्ठी लावायचा आणि चिठ्ठीवर फक्त लहान आकडा लिहायचा, मला दिसेल असा.

नकाशे आणि फोटो हे आधीच दाबलेले असतात, काँप्युटरमध्ये घालतानाच दाबून घालतात, हे मला ठाऊक नव्हतं. रोजच्या नकलेत ते कधी नसायचे. मी सहा वर्षं गवत भरलं होतं आणि तांदळालाही गवताचाच आकडा सांगितला होता. मला आकडे फसवत नाहीत म्हणणारा मी, बार्जमध्ये काय भरलंय तेच न बघता पाण्याची खूण वाचून मोकळा झालो होतो.

रविवारी दुपारी सहावी टेप भरली. जहाजं झाली, ऑफिस झालं. राहिली फक्त धक्क्याची हजेरी. मॅनेजर डोकावून गेला, त्याला सांगितलं. तो म्हणाला, "राहिली तर राहिली. जुनी हजेरी, ती कोणाला हवी आहे?" आणि गाडीत बसून जेवायला गेला. तेव्हा मला ती यादी कळली. कदेल कशाला दिलं होतं तेही कळलं.

खोलीत आम्ही दोघंच. मुचंडीनं डबा उघडला. भाकरी, झुणका, हिरवी मिरची. तो जेवायला लागला. मी उभा. काही वेळानं मी म्हटलं, काहीतरी करा. तो म्हणाला, काय करू, टेप न्हाय. मी म्हटलं, तुम्हाला येतं, तुम्ही करू शकता. तो चावत राहिला. मग मी म्हटलं, माझ्या भावाचं नाव आहे त्यात.

"तुज्या भावाचं मला काय पडलंय?" तो म्हणाला. "मशीनमधलं सगळं टेपेवर गेलं पायजे. तेवढं माझं काम. ते तू बुडीवलंस."

"आता भरून काढता येईल काय ते सांगा."

"येतंय." तो पाणी प्यायला. "पर आधी लिवायचं. लॉगबुकात. तुज्या हातानं."

प्रत्येक टेपेची नोंद ठेवायची एक जाड वही होती, तिला लॉगबुक म्हणायचे. ती तो स्वतः लिहायचा, मला हातही लावू देत नसे. तिच्या पानांनासुद्धा त्यानं हातानं आकडे घालून ठेवले होते. ती वही त्यानं माझ्यापुढे सरकवली. मी म्हटलं, मी लिहिणार नाही. माझं अक्षर चांगलं नाही हे एक, आणि ती वही साहेब लोक बघतात हे दुसरं. चुकलं हे मी तोंडानं सांगतो, तेवढ्यावर भागवा. तो म्हणाला, "तोंडानं न्हाय. घाई बी न्हाय. ट्रक सकाळी येतोय." आणि डब्यातली दुसरी भाकरी मोडली.

मी जनेलापाशी, खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. खाली रविवारचा रस्ता, माणूस नाही. मला वाटलं, सदूला सांगावं, नाव गेलं, पाण्यानं नेलं तसं हेही गेलं. त्याला खोटं कळलं नसतं. मी काहीही सांगितलं तर तो खरं मानायचा, तोच घोळ होता. भाकरी संपवून मुचंडी डबा पुसत होता तेव्हा मी खुर्ची ओढली आणि बसलो. त्यानं सांगितलं, मी लिहिलं. एका ओळीला किती वेळ लागला विचारू नका.

"सहा टेपा पुरतील असे मी, भिवा, मॅनेजरसाहेबांना सांगितले. मी मोठा आकडा धरला. ती माझी चूक. श्री. मुचंडी यांनी दहा मागितल्या होत्या. जागा संपून धक्क्याची हजेरी राहिली." खाली सही, वेळ. मी पेन टाकायला लागलो तर तो म्हणाला, "थांब. आजून दोन वळी हायत. त्या काम झाल्यावर लिवायच्या."

मग तो उठला. इथं मी मानलं त्याला, तेवढ्यापुरतं. त्यानं सहावी टेप परत आत घातली आणि ड्राइव्हवरचं मजकूर दाबून लिहिण्याचं बटण बंद केलं, तो दिवा विझला. मी विचारलं, दाबणं बंद केलं तर जागा आणखी लागेल ना? तो म्हणाला, "गुळाची ढेप परत फडक्यात बांधलीस तर ढेप ल्हान हुतीया काय? फडक्याची जागा वाढती. दाबलेलं परत दाबाय गेलं की फुगतंय." फोटो दाबून आलेले, ड्राइव्ह त्यांना परत दाबायला जातो, आणि प्रत्येक तुकड्याला आपलं फडकं गुंडाळतो. बटण बंद केलं की फडकी गेली. सहाव्या टेपेवर बहुतेक फोटोच होते, ते तसेच, फडक्याशिवाय, परत लिहायचे, आणि त्यांच्यामागचं थोडं जहाजांचं नि ऑफिसचं काँप्युटरवर दाबून. शेवटी थोडी जागा सुटेल. तेवढ्यात हजेरी बसवायची, तिलाही आधी काँप्युटरवरच दाबून बारीक करायची. हजेरी म्हणजे नुसतं गवत.

दोन-अडीच तास ती टेप चालली. ह्या वेळात वीज गेली असती तर सहावी टेप ना पहिल्यासारखी, ना नवी. डिचोलीत वीज कधी जाते ते देवालासुद्धा सांगता येत नाही. मुचंडी ड्राइव्हला कान लावून बसला होता. एकदा खर्र, खट् झालं. तो उठला, काँप्युटरवर कसलं तरी काम बंद केलं, परत बसला.  ऊन उतरत होतं तेव्हा पडद्यावर धक्क्याची नावं सरकायला लागली. मी सदूचं वाचलं. त्याच्या मागोमाग बाकीची गेली. भरल्याचा दिवा लागला नाही. थोडी पट्टी उरलीसुद्धा.

"लिव," तो म्हणाला. मी लिहिलं, "सहावी टेप पुन्हा लिहिली. धक्क्याची हजेरी माझ्यासमोर तिच्यावर गेली, नावे मी वाचली." त्यानं खाली आपली सही केली. माझ्या सहीपेक्षा लहान.

सोमवारी ट्रक जुना काँप्युटर घेऊन गेला. मॅनेजरनं सहज विचारल्यासारखं विचारलं, सगळं झालं का, थोडं राहिलं होतं ते? मुचंडी म्हणाला, सगळं झालं, हजेरीसकट. मॅनेजर गोड हसला. दीड महिन्यात मुचंडीची बदली झाली, वाळपईच्या पुढे बंद पडलेल्या एका खाणीच्या गोदामात, जिथं वीजसुद्धा नव्हती. तो गेला नाही. राजीनामा दिला आणि बेळगावला परत गेला. शेवटच्या दिवशी मला एवढंच म्हणाला, "लॉगबुक कपाटात हाय. पान फाडू नको." त्याला कसं कळलं देव जाणे. मी दोनदा कपाट उघडून ते पान धरलं होतं. पानांना आकडे घातलेले, एक गेलं तर दिसणार, म्हणून सोडलं होतं.

मजूर खात्याचा साहेब पुढच्या उन्हाळ्यात आला. ऑफिसच्या मोठ्या खोलीत सुनावणी. एका बाजूला कंपनीचे लोक, दुसऱ्या बाजूला धक्क्यावरची चाळीस माणसं, मधे सदू, धुतलेला शर्ट घालून. मॅनेजर म्हणाला, टेपेवरची हजेरी आम्हाला मान्य नाही, ती उतरवायच्या यादीत शेवटी होती आणि जागा संपली होती, हे सगळ्यांना ठाऊक आहे. नंतर कोणीतरी मागाहून घुसवली असणार. त्या टेपेचा माणूसही आता नोकरीत नाही.

मजूर खात्याच्या साहेबानं विचारलं, टेपांची नोंदवही आहे का?

ती मलाच आणावी लागली. साहेबानं पान काढलं आणि मोठ्यानं वाचलं. सहा टेपा पुरतील असे मी, भिवा. मी मोठा आकडा धरला. ती माझी चूक. धक्क्यावरची माणसं हसायला लागली. बार्जवाले, ज्यांना मी वीस वर्षं डोळ्यानं आकडे सांगितले, ते सगळ्यात जास्त. सदू हसला नाही, तो जमिनीकडे बघत होता. साहेबानं वाचत वाचत शेवटच्या दोन ओळी वाचल्या, तारीख बघितली, वेळ बघितली, दोन सह्या बघितल्या. ट्रक त्यानंतर गेला हे गेटवरच्या वहीत होतं. जागा संपली हे ज्या पानावर होतं, जागा कशी काढली तेही त्याच पानावर होतं. एक खरं मानायचं आणि दुसरं खोटं, असं करता येईना. टेप लावली. नावं आली.

सदू कायम झाला, बाकीचेही झाले. मी धक्क्यावर गेलो की मला अजून 'मोठो आंकडो' म्हणतात. पोरंटोरंसुद्धा. त्यांना कशावरून ते ठाऊकही नसेल.

दोन वर्षं मी तो राग बाळगला. मग एक दिवस सकाळची गाडी धरून बेळगावला गेलो. शहापुरात घर विचारत विचारत काढलं. मुचंडी पडवीत बसला होता, आणखी सुकलेला, वरचं बटण लावलेलं. बस म्हणाला नाही. मीही बसलो नाही. मी विचारलं, ते पान माझ्याकडून लिहून घेतलं ते माझी खोड मोडायला, की पुढे कागद लागेल हे ठाऊक होतं म्हणून?

"दोन्हीसाठी," तो म्हणाला. "तुजी जिरवायची हुती. आन् कागूद बी पायजे हुता."

मी उभाच होतो. त्यानं विचारलं, भाऊ कायम झाला काय. मी म्हटलं, झाला. मग त्यानं विचारलं, परत जायला बस किती वाजताची. मी सांगितलं. आतून त्याच्या बायकोनं चहा टाकल्याचा वास येत होता. मी निघालो. त्यानं थांबवलं नाही.

चार वर्षांपूर्वी बेळगावच्या एका ट्रकवाल्यानं धक्क्यावर बातमी आणली, मुचंडी गेला. सदूनं मला विचारलं, तेराव्याला जाऊया काय. मी म्हटलं, तुला जायचं तर जा. तो रजा टाकून गेला, नारळ घेऊन गेला. परत आला तेव्हा मीच त्याला वाढलं. माणसं किती होती विचारलं.

"थोडीच. आठ-धा."

"धक्क्यावरची कोण?"

"मी एकटो." तो भात कालवत राहिला. मग म्हणाला, "तेंच्या बायकोन इचारल्यान, भिवा तुमचो कोण?"

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलंय, भाव. येतलो तो."

मी येणार असा माझ्या वतीनं शब्द द्यायला कोणी सांगितलं होतं तुला, म्हणून मी त्याच्यावर ओरडलो. तो जेवला आणि ड्यूटीवर गेला. मी अजून गेलेलो नाही.